कौटुंबिक, फक्त प्रौढांसाठी

भंडाऱ्याहून पवनीला जाताना अड्याळ मागे पडलं की आमचं कोंढा लागतं. शेजारचं कोसरा जोडून लोक एका दमात कोंढा-कोसरा म्हणतात. दोन्हीकडे धान पिकतो आणि दोन्हीकडे रात्रीची जेवणं आटोपली की घराघरांत मोबाइलचा निळसर उजेड पडतो. त्या उजेडात कोण काय पाहतो हे विचारायची आपल्यात रीत नाही. पण पाहण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात जी पाटी झळकते, तिच्याबद्दल बोलायला हरकत नसावी. पाटी सरकारमान्य आहे.

पानठेल्यावर आमच्या मामाजींनी विषय काढला. पोरानं त्यांच्या मोबाइलमध्ये सिनेमे-मालिकांचं एक ॲप टाकून दिलं होतं.

"काहून गा, हे यू/ए तेरा प्लस म्हणजे का?"

"तेराच्या वरच्यानं खुशाल पाहाचं, मामाजी. तेराच्या खालच्यानं मायबापासंग पाहाचं."

"अन् मायबापानं?"

"मायबापानं का?"

"मायबापानं कोणासंग पाहाचं? मले तं एकट्यालेच लाज वाटते."

नियम करणाऱ्यांनी या शंकेचा विचार केलेला नाही, हे मी खात्रीनं सांगतो. सिनेमाचा कायदा १९५२ चा. तेव्हा कारभार सोपा होता. 'यू' म्हणजे सगळ्यांनी पाहावा, 'ए' म्हणजे मोठ्यांनी पाहावा आणि लहानांनी मोठ्यांच्या कानावर न जाता पाहावा. १९८३ मध्ये मधली 'यूए' ही पायरी आली. मग २०२१ च्या फेब्रुवारीत इंटरनेटवरच्या मालिकांसाठी नियम निघाले आणि त्या एका पायरीचा जिना झाला: सात प्लस, तेरा प्लस, सोळा प्लस, आणि माडीवर 'ए'. २०२३ च्या दुरुस्तीनं थिएटरातल्या सिनेमालाही हाच जिना लावला. कागदावर सगळं चोख आहे. तेरा प्लसपासून पुढे पालकांना कुलूप लावायची सोय हवी, 'ए' असेल तर बघणाऱ्याचं वय तपासायची खात्रीशीर व्यवस्था हवी, शिवाय आत हिंसा आहे की शिवीगाळ आहे की आणखी काही, तेही सुरुवातीला सांगायला हवं.

आता ही खात्रीशीर व्यवस्था प्रत्यक्षात कशी भेटते ते पाहा. बऱ्याच ठिकाणी पडद्यावर एक प्रश्न येतो: 'आपण १८ वर्षांचे आहात का?' खाली दोन बटणं, 'होय' आणि 'नाही'. 'नाही' दाबणारा मुलगा मी आजवर पाहिलेला नाही. असलाच, तर त्याचा ग्रामसभेत शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हावा. काही ठिकाणी जन्मतारीख विचारतात. तिथे आमच्या पिढीची वेगळीच पंचाईत होते. आमच्या वयाच्या निम्म्या माणसांचा जन्म १ जूनचा. आईला विचारलं तर ती म्हणते, धान निसवला होता तेव्हाचा तू. म्हणजे जन्म पोळ्याच्या पुढचा आणि दाखल्यावर १ जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी पोराकडे एक नजर टाकली आणि तारीख लिहून टाकली. ज्यांचं वयच अंदाजपंचे लागलेलं, त्यांना मोबाइल अंगठ्यानं चाक फिरवून साल काढायला लावतो. मामाजींनी चाक फिरवलं, ते १९०८ वर जाऊन थांबलं. ॲपनं कसलीही शंका न घेता एकशे सतरा वर्षांच्या प्रेक्षकाचं स्वागत केलं.

पालकांच्या कुलपाची कथा याहून थोर. कुलपाला चार आकडी पिन लागतो. पिन कसा बसवायचा हे घरात फक्त आठवीतल्या पोट्ट्याला येतं. तेव्हा बाप त्याच्यापुढे मोबाइल धरतो आणि म्हणतो, "हे पाय, तुले नको ते दिसू नये म्हून याले कुलूप लाव." पोट्टा निमूटपणे कुलूप लावतो. त्यानंतर रात्री जेवण झाल्यावर बापच हळू आवाजात विचारतो, "पिन का होता रे?" पोट्टा पिन सांगतो, आणि कशासाठी पाहिजे हे विचारत नाही. इतकी समजूतदार मुलं मागच्या पिढीत नव्हती.

बरं, पाटीवर विसंबून राहावं, तर तिचा आणि मालाचा संबंध दर वेळी नव्यानं शोधावा लागतो. सोळा प्लसची मालिका लावली की पहिल्या पंधरा मिनिटांत तीन मुडदे पडतात आणि चौथा पडताना जी शिवी देतो, ती आमच्याकडे बैल दलदलीत रुतला तरी कोणी देत नाही. तेच नवरा-बायकोनं दाराची कडी जरा मन लावून लावली की अठरा प्लस. माणूस मारलेला बघायला सोळा वर्षं पुरतात, माणसावर जीव लावलेला बघायला दोन वर्षं जास्त लागतात, असा हिशोब मला तरी त्यातून काढता आला. तज्ज्ञांनी चूक असेल तर सांगावी.

ही लेबलांची भानगड मोबाइलबरोबर आली असं समजू नये. १९८० च्या दशकात गावोगाव व्हिडिओ भाड्यानं आणायची लाट होती. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी, असा रात्रभराचा संच मिळायचा. अंगणात सतरंजी. पहिली कॅसेट देवाची, ती आजी-आजोबांसाठी. दुसरी हाणामारीची, ती सगळ्यांसाठी. तिसरी रडायची, ती बायांसाठी. आणि आणणाऱ्या पोरांच्या पिशवीच्या तळाशी चौथी. तिला 'बीपी' म्हणत. वडीलधाऱ्यांना वाटायचं, रक्तदाबाबद्दल बोलताहेत. पोरं एवढ्या लहान वयात तब्येतीला जपतात याचं कौतुकही व्हायचं. या चौथ्या कॅसेटवर खरं नाव लिहिणं शक्यच नव्हतं. एका घरच्या पोरांनी डोकं चालवून तिच्यावर 'मोठ्या दादाचं लग्न' अशी चिठ्ठी डकवली. डाव उत्तम होता. फक्त त्या रात्री आत्याबाई मुक्कामाला होत्या आणि त्यांनी मोठ्या दादाचं लग्न बाळंतपणामुळे चुकवलं होतं.

"लावा बाप्पा ते दादाचं लगन," आत्याबाई म्हणाल्या. "सिनेमे तं रोजचेच हायेत."

पोरांनी सांगितलं, टेप गुंतली आहे. आत्याबाई म्हणाल्या, जेवढी हाय तेवढी दाखवा. पोरांनी सांगितलं, चित्र येत नाही, नुसता आवाज येतो. आत्याबाई म्हणाल्या, मंगलाष्टकंच आयकतो. शेवटी लाइन गेली आणि घराण्याची अब्रू राहिली. त्या काळी वीज मंडळाला लोक उगाच नावं ठेवत.

रवी जाधव यांनी २०१३ मध्ये याच उद्योगावर सिनेमा काढला, 'बालक-पालक'. नाव वाचून वाटावं, शाळेत पालकसभा आहे, चपला बाहेर काढा. आद्याक्षरं जोडली की मात्र चौथी कॅसेट. २०२२ च्या जानेवारीत महेश मांजरेकरांचा सिनेमा आला, त्याचं नाव 'नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा'. नाव पंगतीचं आणि प्रमाणपत्र 'ए'. याउलट दादा कोंडके. पडद्यावरचा प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ, आणि थिएटर मात्र हसून लोळतंय. सेन्सॉरवाल्यांनी कात्री हातात घेऊन करायचं काय? शब्दात काही सापडत नाही, आणि प्रेक्षकाच्या डोक्यात कात्री घालायला कायदा परवानगी देत नाही. दादांच्या सिनेमाला लेबल लावायचंच, तर ते तिकीट काढणाऱ्याच्या कपाळावर लावावं लागलं असतं.

आज इंटरनेटवर उलटी फसवणूकही जोरात आहे. तिथे पाटी तिखट आणि माल अळणी. 'दुपारी घरात कोणी नसताना वहिनीनं जे केलं ते पाहून थक्क व्हाल', खाली लाल बाण, लाल गोल, आणि गोलात धूसर काहीतरी. आमच्या गावच्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी आजूबाजूला बघून, आवाज बंद करून, ते उघडलं. वहिनीनं दुपारी घरात कोणी नसताना मुगाच्या वड्या घातल्या होत्या. गृहस्थ शेवटपर्यंत बसून राहिले, की पुढे काहीतरी होईल. पुढे वड्या वाळल्या. त्यांच्या मोबाइलवर आता रोज पापड, कुरडया आणि लोणच्याचे व्हिडिओ येतात. बायको म्हणते, यांचं घरात लक्ष लागलं.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण हीच पाटी कामाच्या माणसाच्या वाटेत आडवी येते तेव्हा चीड येते. आमच्याकडच्या एका आशाताईंना नवीन बाळंतिणीला दाखवायचं होतं, बाळाला अंगावर कसं घ्यावं, दूध उतरत नसेल तर काय करावं. व्हिडिओ डॉक्टरांचा, भाषा मराठी, चित्रं पुस्तकातली. मोबाइल म्हणाला, हा मजकूर काहींसाठी अनुचित असू शकतो, वय सिद्ध करा. समोर आई झालेली बाई, तिच्या मांडीवर तिचं मूल. वयाचा याहून धडधडीत पुरावा कोणता द्यायचा? त्याच वेळी शेजारच्या खोलीत तिच्या सहा वर्षांच्या पुतण्याच्या हातातल्या मोबाइलवर एक गाणं चालू होतं. त्या गाण्यात ज्वानी, बाटली आणि खाट एवढंच होतं. त्याला ना तेरा प्लस, ना सोळा प्लस. ते 'संगीत' या सदरात येतं.

हे दुखणं मराठीला नवं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैमध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये त्यांच्या अखेरीपर्यंत ते चालवलं. संततिनियमन, गुप्तरोग, शरीराच्या शंका, वाचकांचे प्रश्न आणि त्यांना सरळ उत्तरं. समाजानं त्यावर एकच लेबल लावलं: अश्लील. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांना उत्तर द्यायचंच नाही, तर लोकांनी विचारायचं कुणाला, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आशाताईंना दंड झाला नाही, एवढी प्रगती मान्य केली पाहिजे.

सरकारला एकदा या सगळ्याचा सोक्षमोक्ष लावावासा वाटला होता. ३१ जुलै २०१५ रोजी ८५७ संकेतस्थळं बंद करायचा आदेश निघाला. चार-पाच दिवसांत तो सैल करावा लागला, कारण यादीत निव्वळ विनोदी मजकूर देणारी स्थळंही निघाली. विनोदी लेखकांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. मी तेव्हापासून वाक्यं जपून लिहितो. यंत्रावर काम सोपवलं तरी फरक पडत नाही. १९९६ मध्ये इंग्लंडातल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एका मोठ्या इंटरनेट कंपनीत खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात चार अक्षरं अशी सलग बसली होती की यंत्राला ती शिवी वाटली. अख्खं गाव प्रौढ ठरलं. आमच्या कोंढ्याच्या नावात तसलं काही नाही, ही पूर्वजांची दूरदृष्टी.

मग ठरवायचं कुणी? न्यायालयानं ठरवावं म्हटलं, तर तेही झालं आहे. 'रंभा' नावाच्या मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो दिल्लीपर्यंत गेला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काकोडकरांना सोडलं. सोडताना जे म्हटलं त्याचा आशय असा, की कादंबरीत स्त्री-पुरुष संबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून ती कोवळ्या वयाला वर्ज्य ठरवायची, तर या मुलांना फक्त धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. न्यायमूर्तींना ते पुरेसं सुरक्षित वाटलं असावं. आमच्याकडे सप्ताहात पोथी सांगणारे महाराज काही अध्याय आले की चष्मा पुसतात आणि चार पानं एकदम उलटतात, हे मी समोर बसून पाहिलेलं आहे. त्या पोथ्यांनाही वयाची पाटी नाही. ती नसल्यामुळेच आमची पिढी पोथ्यांकडे वळली, असं म्हणणारे वात्रट लोक गावात आहेत.

आणि आमची खास गावठी पाटी तर राहिलीच. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. नाटक कंपन्या बहुतेक गडचिरोलीकडच्या वडशाच्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा त्यांचा मुलूख. या रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा हे प्रकरण हलकं समजू नका. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. पत्रकावर नाव कोणतंही असो, सासूचं, सवतीचं, कुंकवाचं, रक्ताचं, त्याच्याखाली हमखास छापलेलं असतं: 'तीन अंकी संगीत कौटुंबिक नाटक'.

यातलं 'तीन अंकी' खरं असतं. 'संगीत'ही खरं. 'कौटुंबिक' हे अशा अर्थानं खरं, की कुटुंबंच्या कुटुंबं बैलबंडीतून, ट्रॅक्टरमधून येऊन बसतात. पहिल्या अंकात धाकटी जाऊ दुधात विष कालवते. दुसऱ्या अंकात कथानकाला जराही गरज नसताना खलनायकाला नाच बघायची लहर येते आणि नर्तकी अवतरते. त्या क्षणी मंडपात जी धावपळ होते ती शेजारच्या तंबूतल्या नाटकवाल्यांनाही जमणार नाही. आजोबांना तहान लागते. आईला आठवतं, की झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण नाही. ती पांघरूण पोराच्या डोळ्यांवर ओढते, आणि पोरगं पांघरुणाच्या भोकातून पुढचं पाहतं. काकाजी 'बैल पाहून येतो' म्हणून उठतात आणि पाच मिनिटांनी स्टेजच्या कडेला, अगदी विंगेपाशी सापडतात. बैल तिकडे नसतात. नाच संपतो, धाकट्या जावेचं विष मोठी ओळखते, आणि सगळे आपापल्या जागी येऊन डोळे पुसायला लागतात.

नाटकाला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मंडळ संहिता वाचतं, संवाद तपासतं. पण शब्द मंजूर करता येतात, कंबर मंजूर करायची सोय अजून मंडळाकडे नाही. संहितेत असतं, 'येथे नृत्य'. त्या दोन शब्दांत काय काय मावतं ते मंडपातच कळतं.

तरी नाटकवाले सभ्य. अलीकडे मंडईत आणि पटाच्या रात्री 'डान्स हंगामा' नावाचा जो प्रकार शिरला, त्यात नाटकही नाही, जाऊही नाही, विषही नाही. परवानगीच्या अर्जावर मात्र 'सांस्कृतिक कार्यक्रम' लिहायला कोणी विसरत नाही. त्यातून शेजारच्या नागपूर जिल्ह्यात आणि आमच्याही जिल्ह्यात पोलिसांत गुन्हे दाखल झाले. त्यात नाचणाऱ्या पोरींची नाचक्की सगळ्यात आधी झाली, आणि पुढच्या रांगेत बसून नोटा उडवणाऱ्यांना कोणतीच पाटी लागली नाही, ही गोष्ट मला विनोदी वाटत नाही.

मोबाइलवाल्यांचं आणि मंडईवाल्यांचं दुखणं एकच आहे. दोघंही कोणी पाहावं ते सांगतात आणि आत काय आहे ते लपवतात. कोणी पाहावं ते पोट्टे, मामाजी आणि काकाजी आपापलं ठरवतातच. उपयोगाची फक्त ती दुसरी ओळ, नियमात असलेली आणि पडद्यावर दीड सेकंद चमकून जाणारी: आत हिंसा आहे, शिव्या आहेत, अंगप्रदर्शन आहे, की नुसत्या मुगाच्या वड्या आहेत. तेव्हा येत्या मंडईच्या समस्त समित्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पत्रकावरून 'कौटुंबिक' काढून टाका. त्या जागी साध्या मराठीत छापा: पहिल्या अंकात विषप्रयोग, दुसऱ्यात नाच तीन, तिसऱ्यात रडारड, नाच अंदाजे साडेबारा वाजता. बायापोरांनी कधी उठायचं ते त्या ठरवतील, आणि काकाजींनाही बैलांचं निमित्त करावं लागणार नाही.